अमेरिकेतील पोटगी वसुली अधिकारी

मुलांची पोटगी वेगळ्या राहणाऱ्या पालकाकडून वसूल करणे हे अमेरिकेत सरकारी काम आहे. १९७५ साली सामाजिक सुरक्षा कायद्यात तशी तरतूद झाली. यंत्रणा राज्ये चालवतात. खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भार केंद्र सरकार उचलते.

वसुली अधिकारी आई किंवा बाप, कोणाचाच वकील नसतो. आधी पालकाचा पत्ता काढायचा, गरज पडल्यास डीएनए चाचणीने पितृत्व ठरवून घ्यायचे, मग पोटगीचा आदेश मिळवायचा. पुढची बहुतेक वसुली थेट पगारातून होते. नोकरी बदलून फार काळ निसटता येत नाही, कारण नव्या कर्मचाऱ्याची माहिती मालकाला साधारण २० दिवसांत राज्याला कळवावी लागते. रोखीत कमावणारा मात्र सहज हाती लागत नाही. थकबाकी साचली तर प्राप्तिकराचा परतावा अडवला जातो, वाहन परवाना निलंबित होऊ शकतो. ती २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट नाकारता येतो.

कसोटी लागते ती पैसे दडवणारा कोण आणि खरोखरच कफल्लक कोण, हे ओळखताना. कफल्लकाचा वाहन परवाना काढून घेतला, तर त्याचे कामावर जाणेच बंद व्हायचे! शिवाय १९८६ च्या दुरुस्तीनुसार एकदा थकलेली रक्कम न्यायालयालाही मागाहून कमी करता येत नाही. म्हणून नोकरी जाताच आदेश बदलून घेण्याचा अर्ज करणे महत्त्वाचे ठरते.

भारतात असे स्वतंत्र वसुली खाते नाही. पोटगी थकली, तर हक्कदारालाच पुन्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो.