मिशी कुणाच्या मालकीची?

पहाटे पावणेपाच. गजर वाजायच्या आधीच जाग येते. रात्री प्रॉडक्शनचा मेसेज आलेला असतो: ‘सर, कॉल साडेसात. चार सीन. कंटिन्युइटी राखाडी झब्बा.’ कोणते चार सीन, ते सेटवर गेल्यावर कळणार. पूर्वी आदल्या दिवशी कागद हातात यायचे. आता लेखक बिचारा पहाटेपर्यंत लिहीत असतो, त्याला काय बोलायचं?

दाढी करतो, मिशीवरही वस्तरा फिरवतो. गेली चार वर्षं मी मिशी ठेवलेली नाही. मालिकेतल्या बाबांना मिशी आहे, वेब सिरीजमधल्या निवृत्त न्यायाधीशांना नाही, आणि जाहिरातीतल्या आजोबांना टोकं वळलेली पांढरीशुभ्र हवी होती. एकाच महिन्यात तिघांच्या तारखा आल्या, तेव्हा एक मेकअपदादा म्हणाला, “काका, तुम्ही सफाचट राहा, बाकीचं आमच्यावर सोडा.” तेव्हापासून माझ्या मिशा वेगवेगळ्या प्रॉडक्शनच्या डब्यांत राहतात आणि मी डोंबिवलीत.

“अहो, गोळी घेतलीत का?” ही विचारते. घेतलेली नसते.

साडेसहा, ठाणे स्टेशन. मालिकेत माझी बहीण झालेल्या बाई आणि मी, दोघांना मिळून एक गाडी. घोडबंदर रोडला लागेपर्यंत त्या डोळे मिटून घेतात, मी खिडकीतून बघत बसतो.

साडेसातला मेकअपची खुर्ची. ओठावर स्पिरिट गम लागला की नाक चुरचुरतं आणि मी ‘बाबा’ व्हायला लागतो. या खुर्चीत बसलं की मला बऱ्याचदा ललिता पवार आठवतात. १९४२ च्या सुमारास एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला आणि नायिकेची कारकीर्द तिथेच संपली. पुढे त्याच डोळ्याने त्यांनी हिंदी पडद्यावरच्या दोन पिढ्यांच्या सुनांना धाक घातला. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाच्या मायेलाही तोच डोळा पुरला. मला तर नुसती खोटी मिशी सांभाळायची असते, कुरकुर कसली करायची!

नऊ ते अकरा सांगण्यासारखं काही नाही. चहा, पोहे, पुन्हा चहा. ‘सर, पंधरा मिनिटांत शॉट’ हे वाक्य तीनदा ऐकलं.

अकरा वीसला सीन लागतो. मुलगी बापाला सांगते, मी नोकरी सोडली, घरही सोडतेय. तिची तीन पानं, माझे दोन शब्द: “बरं झालं.” आधी मास्टर, मग तिचा क्लोज. ती सुंदर रडली. माझ्या क्लोजची वेळ आली तेव्हा तिला पुढच्या सीनची साडी नेसायला पाठवलं होतं. तिची वाक्यं सहायक दिग्दर्शक मोबाइलमध्ये बघून वाचतो, रेल्वे स्टेशनवर घोषणा व्हावी तशी. मी बघायचं कॅमेऱ्याशेजारच्या स्टँडवर चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे. त्या तुकड्याला लेक समजून डोळ्यांत पाणी आणायचं, तेही मिशीचा गम सुटणार नाही इतपत.

आमच्या कामात बोलणं फार थोडं. बाकी सगळं ऐकणं. हे मला कळायला वीस वर्षं लागली. राज्य नाट्य स्पर्धेतून आलेला माणूस मी, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. २००१ मध्ये बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो, तर पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला, “काका, काहीच करू नका.” मला राग आला होता. पुढे ‘सिंहासन’ पुन्हा पाहिला. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू, खुर्चीची सगळी ओढाताण या दोघांत. आणि निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस. तो इकडे ऐकतो, तिकडे ऐकतो, टिपून घेतो. ‘एक गाव बारा भानगडी’तला झेलेअण्णा आणि ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील पाहिलेल्या प्रेक्षकाला हा माणूस गप्प कसा, हेच कळेना. पण अख्ख्या राजकारणाचा ताण या गप्प माणसाच्या चेहऱ्यावर साठत जातो, म्हणून शेवटचं त्याचं वेड्यासारखं हसणं अंगावर येतं. माझं मत विचाराल तर निळूभाऊंचं खलनायकीहून मोठं काम ते.

शॉट ओके झाला. ‘बरं झालं’ हे दोन शब्द नंतर एडिटमध्ये उडालेही असतील. मालिका मी बघत नाही.

दीडला जेवण. मालिकेत माझा धाकटा मुलगा झालेला पोरगा ताट घेऊन शेजारी बसतो. “काका, सारखा हीरोच्या मित्राचाच रोल येतोय. टाइपकास्ट होईन का मी?” मी त्याला जगदीश राज यांची गोष्ट सांगितली. १४४ चित्रपटांत पोलिस. त्याचा गिनीज बुकातला विक्रम झाला. घर चाललं, नाव झालं, वाईट काय? मग सदाशिव अमरापूरकरांचीही सांगितली. ‘अर्धसत्य’मध्ये आवाज न चढवता दहशत बसवणारा रामा शेट्टी आणि १९९१ च्या ‘सडक’मध्ये महाराणी. दोन्हींना फिल्मफेअर. नगरच्या रंगभूमीवरून आलेला माणूस, एका साच्यात मावला नाही. पोरगा म्हणाला, “म्हणजे मी काय करू?” “आधी जेव,” म्हटलं.

तीन वाजता मेकअप रूमच्या पांढऱ्या भिंतीसमोर ऑडिशन. निरोपात लिहिलंय: ‘दादाजी, ६५ ते ७०, क्यूट बट स्ट्रिक्ट, नो मुस्टॅश.’ चारला शेवटचा सीन आहे, मिशी काढता येत नाही. मोबाइल धरायला स्पॉटदादा. नाव, उंची, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. आयुष्यभर बँकेत लोकांचे फोटो आणि सह्या ताडून पाहिल्या, आता माझे ताडतात. मिशीसकट पाठवून दिलं आणि खाली लिहिलं, ‘निघते.’

पावणेपाचला मोकळा झालो, मिशी डब्यात गेली. गायमुख, दहिसर करत अंधेरीचं डबिंग. हिंदी सिनेमात मी गावचा मुखिया आहे, शूटिंग वाईला झालं. वाई म्हणजे आमच्या धंद्यातला अर्धा उत्तर हिंदुस्थान. ‘गंगाजल’चा बिहार तिथला, ‘दबंग’चा उत्तर प्रदेशही. ‘स्वदेस’चं चरणपूर म्हणजे शेजारचं मेणवली, नाना फडणवीसांच्या वाड्याचं. बिहारला न जाता मी दोनदा बिहारी मुखिया झालोय. डबिंगच्या काळोख्या खोलीत पडद्यावरचा मी धोतर नेसून पारावर बसलेला, मिशी करडी, झुपकेदार. सहा वाक्यं. पाच पटापट झाली. सहाव्यात, बोलण्याआधी, त्या दिवशी मी एक धाप टाकली होती. डिसेंबरची पहाट, पायांत वहाण नव्हती, धाप खरी होती. एसीच्या खोलीत ती काही केल्या येईना. शेवटी रेकॉर्डिस्ट म्हणाला, “सर, दोन जिने चढून या.” चढून आलो. मग एका टेकमध्ये झालं.

साडेनऊ. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकल. समोरच्या बाईने दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, “तुम्ही आमच्या शाखेत होता ना, कॅशला?” होतो. बाईंची स्मरणशक्ती चांगली.

पावणेअकरा, घर. वरण-भात खाऊन वही काढतो. १९८० पासून, म्हणजे बँकेत असल्यापासूनची सवय. तारीख, काम, रक्कम, टीडीएस, पैसे कधी. एका प्रॉडक्शनकडे अकरा दिवसांचे पैसे दोन वर्षं अडकलेत. त्या ओळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे. शाईने करायचं अजून धाडस होत नाही. ऑडिशन वहीत चढत नाही, त्याचे पैसे नसतात.

आजची नोंद: मालिका, एक शिफ्ट, तीन महिन्यांनी. डबिंग, मूळ मानधनातच.