बिल माणसाचं की मालाचं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पस सुरू झाला की पुण्यातल्या हॉस्टेलांवर एकच प्रश्न फिरतो : "प्रॉडक्टमध्ये लागलास की सर्व्हिसमध्ये?" 'प्रॉडक्ट' म्हणणाऱ्याची मान ताठ, 'सर्व्हिस' म्हणणाऱ्याचा आवाज जरा खाली. हा पंक्तिभेद मला मनापासून खटकतो. कारण या दोन पंगतींचा इतिहास उलगडून पाहिला, तर इकडचं पान तिकडे आणि तिकडचं इकडे सतत जात आलेलं दिसतं. विचारायचंच असेल, तर मुलांनी दुसरा प्रश्न विचारावा : गिऱ्हाइकाच्या हातात पडणारं बिल माझ्या तासांचं आहे, की मी घडवलेल्या वस्तूचं? करिअरमधल्या बऱ्याच गमतीजमती या एका फरकातून निघतात.

आचारी आणि बाकरवडी

लग्नाचा आचारी तुम्हाला हवा तो बेत करून देतो आणि पानामागे पैसे घेतो. बाकरवडीवाला आपली कृती एकदा बसवतो आणि तेच पाकीट हजारो घरांत पाठवतो. पहिली सर्व्हिस कंपनी, दुसरी प्रॉडक्ट. सॉफ्टवेअरमध्ये एक जादू जास्तीची आहे : दुसरं पाकीट भरायला खर्च जवळजवळ शून्य.

आणि या दोघांत थोरला कोण? आचारी! १९५५ साली जॉन शेल्डन आणि एल्मर कुबी यांनी न्यूयॉर्कमध्ये 'कॉम्प्युटर यूसेज कंपनी' काढली. दुसऱ्यांसाठी प्रोग्राम लिहून देणं हाच तिचा धंदा. तेव्हा सॉफ्टवेअर ही विकायची वस्तू मानलीच जात नव्हती. यंत्र घेतलं की ते सोबत यायचं. मार्टिन गोएट्झ यांना सॉफ्टवेअरचं पहिलं अमेरिकन पेटंट मिळालं १९६८ मध्ये. पुढच्याच वर्षी, जून १९६९ मध्ये, आयबीएमनं यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगवेगळी लावायचं जाहीर केलं आणि सॉफ्टवेअरच्या बाजाराचं दार सताड उघडलं.

१३, ५५ आणि सहा लाख

२०१२ मध्ये फेसबुकनं इन्स्टाग्राम १ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथं १३ माणसं होती. २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपसाठी १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला. माणसं ५५, वापरणारे सुमारे ४५ कोटी. टीसीएसमध्ये सहा लाखांच्या घरात लोक आहेत. तासांचं बिल वाढवायचं तर माणसं वाढवावी लागतात. पाकिटं वाढवायला तेवढी लागत नाहीत.

म्हणूनच प्रॉडक्ट कंपनी एकेका उमेदवाराला चार-चार, पाच-पाच फेऱ्यांत पिळून काढते आणि मुलं रात्र रात्र डीएसएची, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमची, गणितं सोडवत बसतात. सर्व्हिस कंपनी मात्र एकाच परीक्षेतून हजारोंना दार उघडते. नाशिक-नांदेड-सांगलीच्या कॉलेजांतून निघालेल्या, घरात पहिल्यांदाच कॉम्प्युटर पाहिलेल्या किती मुलामुलींना हे दार मिळालं, हे विसरू नये. इन्फोसिसनं म्हैसूरला तीनशेहून जास्त एकरांवर प्रशिक्षणाचं गावच वसवलंय. सिव्हिल किंवा मेकॅनिकल झालेल्या पोरांच्या हाताला तिथं कोड लागतो.

बेंच

क्रिकेटमध्ये राखीव खेळाडू बसतो, तसा सर्व्हिस कंपनीत प्रोजेक्ट नसलेला इंजिनिअर 'बेंचवर' असतो. पगार चालू, बिल बंद. पहिल्या आठवड्यात मजा, दुसऱ्या महिन्यात पोटात गोळा. यातल्या काही कंपन्या दर तिमाहीला शेअर बाजाराला नफ्याबरोबर आणखी एक आकडा सांगतात : यूटिलायझेशन, म्हणजे किती टक्के माणसं बिलावर आहेत. प्रॉडक्ट कंपनीत बेंच हा प्रकारच नाही. तिथं झोप उडवतो तो 'ऑन-कॉल'चा फोन : माल जगभर चालू असतो आणि पहाटे तीनला बिघडला, तरी उठायचं तुम्हीच.

अमळनेरचं तेल

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. २९ डिसेंबर १९४५ रोजी खानदेशातल्या अमळनेरला एक कंपनी सुरू झाली : वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. माल होता वनस्पती तूप. नावातच 'प्रॉडक्ट्स'! १९६६ मध्ये वडील गेले म्हणून २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परतले आणि कारभार हाती घेतला. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली, तशी मोकळी झालेली जागा या तेलवाल्यांनी हेरली आणि १९८० च्या दशकात चक्क स्वतःचे मिनीकॉम्प्युटर बांधून विकले. म्हणजे अजूनही माल! सर्व्हिसचा पसारा त्यानंतर वाढला. हीच आजची विप्रो.

अमळनेरमध्ये ज्यांनी तेलाच्या गिरणीचे शेअर घेऊन पेटीत ठेवून दिले, त्यांतल्या कित्येकांची घरं कोट्यधीश झाली. कोड न लिहिता, गाव न सोडता.

इन्फोसिसची गोष्ट याच्या उलट बाजूची. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी सुरू केलेल्या या कंपनीचं भांडवल १०,००० रुपये, तेही सुधा मूर्तींकडून आणलेलं. स्वतःचा कॉम्प्युटर यायला दोन वर्षं गेली. भांडवल असं की नसल्यासारखंच, मग विकणार काय? डोकं आणि तास. त्या पिढीनं सर्व्हिस निवडली यामागे कमअस्सलपणा नव्हता. तेवढंच हातात होतं.

पासबुकातलं सॉफ्टवेअर

स्टेट बँकेत पासबुक भरून घेता ना? त्यामागे टीसीएसचं 'बँक्स' चालतं. आयसीआयसीआय किंवा पंजाब नॅशनल बँकेत खातं असेल, तर मागे इन्फोसिसचं 'फिनॅकल'. दोन्ही अस्सल प्रॉडक्ट, दोन्ही सर्व्हिस कंपन्यांच्या घरात. आणखी गंमत म्हणजे फिनॅकलच्या आधीच्या अवताराचं नाव होतं 'बँक्स २०००'! मुंबईच्या आय-फ्लेक्सनं सिटी बँकेच्या छत्राखाली सुरुवात केली, 'फ्लेक्सक्यूब' जगभरच्या बँकांना विकलं, आणि २००५ मध्ये ओरॅकलनं तिच्यातला मोठा हिस्सा घेतला.

इन-हँड किती?

मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं नेहमीचं पॅकेज दहा-बारा वर्षांहून जास्त काळ वर्षाला तीन ते चार लाखांच्या आतच घुटमळलंय. याच काळात हिंजवडी-वाकडची भाडी कुठे पोचली, ते तिथं राहणाऱ्याला विचारा. हे मला अन्यायाचं वाटतं. पण वाट बंद नाही : टीसीएसमध्ये 'निंजा' म्हणून घेतलेल्याला ३.३६ लाख आणि अवघड परीक्षा पार करून 'डिजिटल' झालेल्याला सुमारे सात लाख. वर्ग तोच, बाक तोच, पगार दुप्पट.

प्रॉडक्टवाल्यांचं मोठं पॅकेज ऐकलं की पेढे वाटण्याआधी त्यातले शेअर किती ते बघा. अ‍ॅमेझॉननं बरीच वर्षं शेअरची वाटणी अशी ठेवली होती : पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ४०-४०. दोन वर्षांत पेपर टाकला, की शंभरातले ऐंशी तिथंच राहिले.

दोनदा बारा हजार

"सर्व्हिसमध्ये पगार कमी, पण नोकरी पक्की," असं आपल्याकडची वडीलधारी सांगत आली. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं सुमारे १२,००० लोक कमी करायचं जाहीर केलं, जवळपास सहा टक्के. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनंही सुमारे १२,००० चाच आकडा सांगितला. तिथं ते दोन टक्के. टक्के कमी खरे, पण ज्या घरात ही बातमी आली तिथं ती शंभर टक्के होती.

"तू नेमकं काय बनवतोस रे?"

आईच्या या प्रश्नापुढे सर्व्हिसवाला नेहमी अडखळतो. परदेशातल्या विमा कंपनीचं काम, नावही सांगायचं नाही. प्रॉडक्टवाला फोन उघडून बटण दाखवतो. १ एप्रिल २००४ ला आलेल्या जीमेलची सुरुवात पॉल बुकहाइट या एका इंजिनिअरच्या हातून झाली, हे जगाला ठाऊक आहे. पण आपल्याकडच्या कोट्यवधींनी पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन घेतलं, तेव्हा पडद्यामागचं काम टीसीएसच्या लोकांचं होतं, हे किती जण सांगतात? त्या मुलामुलींनी आईला पासपोर्टच हातात द्यावा.

पुण्यातलं तिसरं दार

आनंद देशपांडे अमेरिकेतली नोकरी सोडून परतले आणि १९९० मध्ये त्यांनी पुण्यात पर्सिस्टंट सुरू केली. तिचा धंदा काय? दुसऱ्यांची प्रॉडक्ट्स बांधून देणं! कागदावर सर्व्हिस, टेबलावर प्रॉडक्ट. व्हेरिटासच्या पुण्यातल्या ऑफिसात डेटा साठवणुकीचं काम करता करता तयार झालेल्या मंडळींतून २००८ मध्ये द्रुवा ही कंपनी उभी राहिली. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला 'तू कुठल्या पंगतीतला?' विचारलं, तर त्यानं काय सांगावं?

आणि रहिमतपूरच्या कैलास काटकरांना काय विचाराल? दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकलेला हा माणूस पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत सारखे व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यातून 'क्विक हील' बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीनं मालाचंच नाव स्वतःला लावलं, २०१६ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. त्याआधी दुकानाच्या पाटीवर नाव होतं : कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस.