रुमी मस्तकीचें बेट

ग्रीस देशाच्या सहलीस जाणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांची एक ठराविक वाट पडून गेलेली आहे. अथेन्सचा आक्रोपोलिस पाहावयाचा, आगबोटींत बसून सान्तोरिनी किंवा मिकोनोस गांठावयाचें, तेथील पांढऱ्या भिंती व निळे घुमट यांपुढें उभें राहून छायाचित्रें काढावयाचीं, आणि परतावयाचें. त्या वाटेला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्या घरांतील लहानथोर मंडळी एकत्र प्रवासाला निघतात, आणि ज्यांना समुद्रस्नानाबरोबर कांहीं पाहावें, कांहीं शिकावें अशी हौस असते, त्यांच्यासाठीं त्याच समुद्रांतील एका निराळ्या बेटाची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्या बेटाचें नांव खिओस.

नांव अपरिचित वाटलें, तरी तेथील एक जिन्नस आपल्या परिचयाचा आहे. काष्ठौषधींच्या दुकानांत 'रुमी मस्तकी' म्हणून जे फिकट पिवळे, अश्रुबिंदूंसारखे सुगंधी खडे मिळतात, त्यांचें माहेर हेंच बेट. पूर्व रोमन साम्राज्याच्या मुलखाला अरब व इराणी लोक 'रूम' म्हणत. तेथून येणारी ती रुमी. तुर्की भाषेंत तर या बेटाचें नांवच 'साकिझ', म्हणजे डिंक, असें आहे. संस्कृताच्या अभ्यासकाला येथें आणखी एक धागा सांपडतो. प्राचीन आयोनियांतील बारा नगरांपैकीं खिओस हें एक होय. आणि त्या आयोनियाच्याच नांवावरून, इराणी मुखांतून येत येत, आपला 'यवन' शब्द झाला. पाणिनीच्या सूत्रांत येणारा यवन तो हाच.

बेट इजियन समुद्राच्या पूर्व कडेला, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून अवघ्या सातेक किलोमीटरांवर आहे. क्षेत्रफळ सुमारें ८४० चौरस किलोमीटर व वस्ति पन्नास हजारांच्या आसपास. अथेन्सच्या पिरेअस बंदरांतून रात्रीच्या बोटीनें निघाल्यास पहाटेच्या सुमारास खिओस येतें; विमानानें तासाभराचाहि प्रवास नाहीं.

शहराच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर व्रोन्तादोस गांव आहे. तेथें समुद्राजवळ एका खडकाला 'दास्कालोपेत्रा', म्हणजे गुरुजींचा खडक, असें म्हणतात. त्यावर बसून महाकवि होमर शिष्यांना पाठ देत असे, अशी लोकांची श्रद्धा. पुराणवस्तुशास्त्रज्ञांच्या मतें तें सिबेली देवतेचें प्राचीन स्थान होय. होमराची जन्मभूमि म्हणविणारीं गांवेंहि पुष्कळ आहेत. पण ज्या लोकांना आपल्या गांवच्या खडकाला मास्तराचें नांव द्यावेंसें वाटलें, त्यांच्याविषयीं आम्हां शिक्षकांच्या मनांत आपुलकी उत्पन्न झाल्यास नवल काय !

शहराच्या दक्षिणेस काम्बोस नांवाचा बागाइती प्रदेश लागतो. तांबूस दगडाच्या उंच भिंती, त्यांआड नारिंगीं, संत्रीं व लिंबें यांच्या बागा, मध्यें जुने वाडे आणि अंगणांत विहिरीवरील रहाट. कोंकणांतील किंवा वांईकडील जुनीं बागाइतें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना हा देखावा परका वाटणार नाहीं. १८८१ च्या भूकंपांत यांतील कित्येक वाडे पडले. उरलेल्यांपैकीं कांहींची डागडुजी होऊन तेथें आतां पाहुण्यांची उतरण्याची सोय झाली आहे. जवळच कार्फासची वाळूची चौपाटी आहे. पाणी दूरवर उथळ असल्यानें लहान मुलांस ती फार सोईची. अर्थातच उपाहारगृहें व वसतिगृहें यांची गर्दीहि तेथेंच अधिक.

परंतु खिओसचें खरें वैशिष्ट्य दक्षिण भागांतील गांवांत आहे, आणि तीं गांवें समुद्राकडे पाठ फिरवून वसलेलीं आहेत. आज आपण समुद्र दिसावा म्हणून खोलीचें जास्त भाडें देतों. त्या काळीं गांव समुद्रावरून दिसूं नये म्हणून लोक धडपडत. कारण समुद्रावरून चांचे येत. १३४६ ते १५६६ पर्यंत येथें जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळीची सत्ता होती. मस्तकीचा सारा व्यापार त्यांच्या मुठींत असल्यामुळें ती पिकविणाऱ्या गांवांना त्यांनीं किल्ल्याचें रूप दिलें.

मेस्ता हें अशा रचनेचें उत्तम उदाहरण. कडेच्या घरांच्या मागच्या भिंती एकमेकींना जोडून तोच गांवकूस केलेला. आंत शिरावयास मोजके दरवाजे. मध्यभागीं टेहळणीचा बुरूज. गल्ल्या इतक्या अरुंद व वळणांच्या, आणि जागोजाग कमानींनीं झांकलेल्या, कीं परका मनुष्य हटकून वाट चुकावा. घरांचीं धाबीं एकाच उंचीचीं. शत्रु आंत घुसलाच, तर धाब्याधाब्यांवरून बुरुजाकडे धांवतां यावें ही त्यांतील योजना. बुरूज पुढें पडला व त्याच्या जागीं १८६८ सालीं मोठें देऊळ बांधलें गेलें. शेजारचें ओलिम्पी गांव याच धर्तीचें.

पिर्गी गांवाची शोभा निराळी. तेथील घरांचे दर्शनी भाग पांढऱ्या व करड्या नक्षीनें भरून गेलेले आहेत. भिंतीला काळसर वाळूचा व चुन्याचा गिलावा करून त्यावर चुन्याचा पांढरा हात देतात. तो ओला असतांनाच नक्षी आंखून मधले भाग कांट्यानें खरवडतात, म्हणजे खालचा करडा रंग वर येतो. त्रिकोण, चौकोन, वर्तुळें यांच्या त्या ओळी पाहून भूमितीची वहीच कोणीं भिंतीवर उलगडली आहे कीं काय, असें आम्हांस वाटलें. सज्ज्यांतून लालबुंद छोट्या टोमॅटोंच्या माळा वाळत टांगलेल्या असतात. चौकाजवळच्या पवित्र प्रेषितांच्या लहानशा देवळांतील भित्तिचित्रें १६६५ सालचीं आहेत.

आतां मस्तकीविषयीं. पिस्त्याच्या जातीचें हें पुरुष-दीड पुरुष उंचीचें झुडूप इतरत्रहि वाढतें. पण घट्ट खडे बांधणारा चीक भरपूर मिळतो तो खिओसच्या दक्षिण भागांतच. उन्हाळ्यांत झाडाखालची जमीन झाडून सारवल्यासारखी सपाट करतात व तिच्यावर पांढऱ्या चुनखडीची भुकटी पसरतात. जुलै-ऑगस्टांत खोडाला बारीक चिरा पाडल्या कीं चीक ठिबकूं लागतो. दोन-तीन आठवड्यांत तो वाळला म्हणजे खडे वेंचतात. पुढें बायका घोळक्यानें बसून लहान चाकूनें एकेक खडा खरवडून स्वच्छ करतात. सप्टेंबरांत आम्हीं हें काम दारोदार चाललेलें पाहिलें; तांदूळ निवडतांना आपल्याकडील ओट्यांवर जशा गोष्टी रंगतात, तशाच तेथें रंगल्या होत्या. इतकें करून एका झाडामागें वर्षाला हातीं येतात ते सरासरी दीडशें-दोनशें ग्रॅम.

या झाडानें गांवकऱ्यांना सुखच दिलें असें मात्र नाहीं. आधीं जिनोव्हाच्या व मग तुर्कांच्या अमलाखालीं मस्तकी चोरणाऱ्यास कठोर शिक्षा होत. पिकविणारा आपल्या पिकाचा धनी नव्हता. तरीहि याच झाडानें त्यांना एका घोर प्रसंगीं वांचविलें. १८२२ सालीं बेटावर उठाव होतांच तुर्की फौजांनीं कत्तल मांडली. हजारों माणसें मारलीं गेलीं, हजारों गुलाम म्हणून विकलीं गेलीं. फ्रेंच चित्रकार दलाक्र्वा यानें १८२४ सालीं काढलेलें त्या अनर्थाचें भव्य चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. त्या कहरांतून दक्षिणेचीं गांवें पुष्कळ अंशीं बचावलीं. कारण तेथील मस्तकी सुलतानाच्या राजवाड्याला लागत असे.

ज्यांना असें कवच नव्हतें त्यांचें काय झालें, हें पाहावयाचें तर बेटाच्या मध्यभागीं जावें. डोंगरांतील नेआ मोनी हा मठ अकराव्या शतकांत सम्राट् नववा कॉन्स्टंटाइन यानें बांधविला. सोनेरी काचखड्यांची तेथील चित्रें जगप्रसिद्ध असून १९९० सालीं मठाची गणना जागतिक वारशांत झाली. दाराजवळच्या लहान देवळींत १८२२ सालीं मारल्या गेलेल्यांच्या कवट्या जपून ठेवल्या आहेत. लहान मुलांना तेथें नेण्यापूर्वीं वडील माणसांनीं विचार करावा. पुढें अनावातोस गांव एका सरळ तुटलेल्या कड्याच्या माथ्यावर आहे. शत्रूच्या हातीं पडण्यापेक्षां लोकांनीं या कड्यावरून उड्या घेतल्या, असें सांगतात. आज तेथें दगडी भिंती जागच्या जागीं आहेत. माणसें मात्र जवळजवळ नाहींत.

मेस्ता आणि अनावातोस हीं दोन्ही एकाच प्रवासांत पाहावीं, असा आमचा आग्रह आहे. दोहोंची बांधणी मजबूत. एकांत संध्याकाळीं दिवे लागतात, दुसऱ्यांत लागत नाहींत. भिंतींनीं गांव उभें राहत नाहीं. हातांना काम असेल तर राहतें. मस्तकीच्या उत्पादकांनीं १९३८ सालीं स्वतःचा संघ काढला, आणि पिकाचा मोबदला पिकविणाऱ्याच्या घरीं येऊं लागला. २०१४ सालीं या लागवडीच्या विद्येला युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. २०१६ सालीं पिर्गीजवळ मस्तकीचें संग्रहालय उघडलें. तरी चिंता सरलेली नाहीं. तरुण मंडळी अथेन्सकडे किंवा जहाजांवर जातात. २०१२ च्या ऑगस्टांतील वणव्यांत मस्तकीचीं झाडें मोठ्या प्रमाणावर जळालीं. २०२५ च्या जूनमध्येंहि बेटावर मोठे वणवे पेटले. नवें झाड पांचव्या-सहाव्या वर्षीं चीक देऊं लागतें, भरास यावयास बारा-पंधरा वर्षें लागतात. तेवढा धीर धरणारा माणूस गांवांत असला पाहिजे.

समुद्रकिनारेहि याच मुलखांत सुंदर आहेत. एम्पोरिओसजवळ माव्रा व्होलिया येथें वाळू नाहीं. ज्वालामुखीच्या काळ्याभोर गोट्यांचा सारा किनारा, आणि त्यापुढें निळें पाणी. गोटे गुळगुळीत असल्यानें मुलांना खिशांत घालावेसे वाटतात. पण ते नेण्यास मनाई आहे. पाणी लगेच खोल होत असल्यामुळें मुलांबरोबर मोठें माणूस असावें. ज्यांना वाळूच हवी त्यांनीं जवळच्या कोमीला जावें. पश्चिमेस लिथी आणि वायव्येस वोलिसोस गांवाखालचे लांबलचक किनारे अधिक निवांत आहेत.

कांहीं व्यवहाराच्या सूचना. मे-जून किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टांत ऊन व उत्तरेचा वारा दोन्ही फार. बसगाड्या थोड्या असल्यानें भाड्याची मोटार घ्यावी. जेवणाविषयीं शाकाहारी मंडळींनीं घाबरूं नये. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी, द्राक्षांच्या पानांत गुंडाळलेला भात, उकडलेल्या रानभाज्या हे पदार्थ सहज मिळतात. तेथील धर्मांत उपासाचे दिवस पुष्कळ. उपासाच्या जिन्नसांना 'निस्तीसिमो' म्हणतात व त्यांत मांस, दूध, अंडें नसतें. मात्र शिंपल्यांतील जीव त्यांना चालतात, म्हणून विचारून घ्यावें. मुलांना 'पाणबुडी' मागवून द्यावी : थंड पाण्याच्या पेल्यांत बुडविलेला चमचाभर मस्तकीचा गोड चिकट गोळा. चमचा चाटीत चाटीत मधून पाणी प्यावयाचें असतें.

राहण्याविषयीं मात्र आमचें एक सांगणें आहे. चार दिवस जाणार असाल तर दोन रात्री समुद्राकांठीं काढा, पण दोन मेस्ता किंवा पिर्गी येथें एखाद्या जुन्या घरांत काढा. आणि परततांना मस्तकी घ्याल ती तेथेंच, गांवांत घ्या. पोहण्याचें सुख पुष्कळ बेटांवर मिळतें. पिकविणाऱ्याच्या दाराशीं बसून त्याचें पीक विकत घेण्याचा योग क्वचित् येतो, आणि त्या चार पैशांवर गांवांतला संध्याकाळचा दिवा अवलंबून असतो.