हिरवळीवरील टेनिसचे जुने सामने

‘लॉन टेनिस’ या नांवांतच हिरवळ आहे. पण ज्या सामन्यांनीं हा खेळ हिंदुस्थानांत रुजविला, त्यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं. पंजाबचे प्रांतिक सामने लाहोरास १८८५ मध्यें सुरू झाले, बंगालचे कलकत्त्यास १८८७ मध्यें, आणि अखिल हिंदुस्थानचे अलाहाबादेस १९१० मध्यें. टेनिसची अखिल भारतीय संस्थाहि १९२० सालीं लाहोरासच स्थापन झाली. पुढें १९४७ मध्यें फाळणी होऊन लाहोर पाकिस्तानांत गेलें, आणि पंजाबच्या त्या जुन्या सामन्यांशीं आपला संबंध तुटला.

हिरवळ राखणें हेंहि सोपें काम नव्हे. तिला नित्य पाणी, कापणी व रूळ हवा. आमच्या मुंबईकडे तर पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलानें भरलेलें. अमेरिकेच्या सामन्यांनीं १९७४ नंतर व ऑस्ट्रेलियाच्या सामन्यांनीं १९८७ नंतर हिरवळ सोडली. जगांतील चार प्रमुख सामन्यांपैकीं ती आतां एकट्या विंबल्डनला उरली आहे.

त्याच विंबल्डनच्या हिरवळीवर १९३४ सालीं मुंबईच्या लीला राव यांनीं पहिल्या फेरींत विजय मिळविला. तेथें सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या हिंदी महिला होत. त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमा राव संस्कृतांत काव्यें रचीत आणि टेनिसहि खेळत. लेखणी व रॅकेट एकाच घरांत सुखानें नांदूं शकतात, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. हिरवळ राखणें प्रत्येकास साधणार नाहीं. मुलींस मैदानावर धाडणें मात्र आपल्या हातीं आहे.