जून ते ऑगस्ट समुद्र बंद

१५१० सालच्या जूनमध्ये अफोन्सो द आल्बुकर्क हा पोर्तुगीज सेनानी आपल्या ताफ्यासह मांडवी नदीत अडकून पडला होता. वर्षाच्या सुरुवातीला त्याने गोवा घेतले खरे, पण मे महिन्यात आदिलशाही फौजा परत आल्या आणि महिनाअखेरीस त्याला शहर सोडून जहाजांवर आसरा घ्यावा लागला. समोर नदीचे मुख, पलीकडे मोकळा अरबी समुद्र. वाट अडवायला तिथे शत्रूचे आरमार नव्हते. तरीही ऑगस्टपर्यंत, म्हणजे जवळपास अडीच महिने, त्याला बाहेर पडता आले नाही. काठावरून तोफा डागल्या जात होत्या. त्यांचा मारा थांबवायला त्याने पणजीच्या कोटावर छापाही घातला. जहाजांवरचे अन्न संपले तेव्हा लोकांनी उंदीर मारून खाल्ले, पेट्यांवरचे कातडे उकडून खाल्ले. एवढे सोसले, पण तो बाहेर पडेना. कारण समुद्र बंद होता.

समुद्र बर्फाने बंद होतो हे समजायला सोपे. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग हिवाळ्यात गोठतो, जहाजे थांबतात, मार्चमध्ये पुन्हा निघतात. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बर्फाचा कण नाही, पाणी तर पावसाळ्यात उलट जास्तच. मग बंद काय होते?

त्यासाठी मांडवीच्या मुखाशी जायला हवे. आग्वाद आणि काबो या दोन टेकाडांच्या मधल्या पाण्याखाली वाळूचा बांध आहे. नैर्ऋत्येचा वारा शेकडो मैल मोकळ्या समुद्रावरून वाहत येतो आणि मोठाल्या लाटा या बांधावर आणून सोडतो. पाणी उथळ झाले की लाटेचा वेग कमी होतो आणि तिची उंची वाढते. शेवटी ती फुटते. त्यात नदीला पूर. वरून धावत येणारे गढूळ पाणी या लाटांना समोरून भिडते आणि त्या आणखी उभ्या होतात. शिडाच्या जहाजाला समोरच्या वाऱ्यात पुढे जायचे तर नागमोडी वळणे घेत जावे लागते, आणि त्यासाठी ऐसपैस पाणी लागते. अरुंद मुखात, फुटत्या लाटांत, बुडाखाली जेमतेम पाणी असताना ती वळणे घ्यायची कुठे? कसेबसे बाहेर पडलेच तरी पुढे दुसरे संकट. वारा सतत किनाऱ्याकडे रेटतो. जहाज जरा कलले, शीड फाटले, की खडकावर.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. बंदरे बंद करणारा हा वारा आणि परदेशी जहाजांना इथवर आणणारा वारा, दोन्ही एकच. उन्हाळ्यात आशिया खंडाची जमीन तापते, दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून इकडे ओढले जातात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, आणि पूर्व आफ्रिकेच्या डोंगररांगा त्यांना एखाद्या पाटाच्या बांधासारखे वळण लावतात. जमिनीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर या वाऱ्याचा एक अरुंद, अतिवेगवान पट्टा तयार होतो. सोमालियाच्या किनाऱ्यावरून तो तिरका आपल्याकडे येतो. आफ्रिकेतून भारतात यायचे तर याहून चांगला वारा नाही. फक्त तो ऐन भरात असताना पोहोचलात तर आत शिरायला बंदर नाही. म्हणून जहाजांना वाऱ्याचे मधले दिवस टाळून त्याच्या कडा पकडाव्या लागत. एक तर मे संपण्याच्या आत पोहोचायचे, नाहीतर ऑगस्टच्या शेवटी, त्याचा जोर ओसरताना.

वास्को द गामाने पहिली कड पकडली. २४ एप्रिल १४९८ रोजी तो पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला आणि २३ दिवसांत त्याला मलबारची जमीन दिसली. मालिंदीत त्याला जाणता वाटाड्या मिळाला होता. परतताना मात्र तो ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. ईशान्येचा वारा अजून स्थिरावला नव्हता. तोच समुद्र ओलांडायला या वेळी जवळजवळ तीन महिने लागले आणि स्कर्व्ही रोगाने त्याची माणसे पटापट मेली. स्थानिक नाखव्यांना जे लहानपणापासून ठाऊक होते, त्याची ही किंमत.

अरब नाखव्यांनी यासाठी हिशेब कसा ठेवला हे मला विशेष गमतीचे वाटते. हिजरी पंचांग चंद्राचे, त्याचे महिने दरवर्षी अकरा-एक दिवस मागे सरकतात. वारा तर सूर्याच्या तंत्राने चालतो. म्हणून समुद्रावरचे लोक इराणी नवरोजपासून दिवस मोजत आणि अमुकाव्या दिवशी अमुक बंदरातून निघायचे असे ठरवत. आपल्याकडे नारळी पौर्णिमा आहे. ती श्रावणातली तिथी, त्यामुळे कधी ऑगस्टच्या सुरुवातीला येते, कधी महिनाअखेरीस. पण अधिक महिन्याची सोय असल्याने वाऱ्यापासून फार लांब भरकटत नाही. सरकारचे पंचांग तिसरेच. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला कायदा दर्या मोकळा करतो, दर्या त्याचे ऐकतोच असे नाही.

मराठ्यांचे आरमारही पावसाळ्याआधी छावणीला जाई. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्याची तजवीज सांगितली आहे: दर्या खवळण्याआधीच जहाजे किल्ल्याच्या आश्रयाच्या सुरक्षित बंदरात न्यावीत. शत्रूही तेव्हा घरीच बसलेला असे. समुद्री युद्धाला सुट्टी होती म्हणा.

गोव्याने पुढे यावर एक देखणा तोडगा वापरला. मांडवीचे मुख बंद होते, पण शेजारच्या जुवारीच्या मुखाशी मुरगावचे टोक आडवे येते आणि आत थोडा आडोसा मिळतो. या दोन नद्यांना आतल्या बाजूने जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे. पावसाळ्यात खोल समुद्राला तोंडही न दाखवता मांडवीतून जुवारीत जाता येते. अलीकडच्या काळात लोहखनिजाचे बार्जही पावसाळ्यात याच वाटेने मुरगावला जात. डिझेल इंजिन आले तरी आग्वादचा बांध जागचा हलला नव्हता.

इंजिनाने समुद्र जिंकला असे ज्यांना वाटले त्यांना १७ जुलै १९४७ ची तारीख आठवावी. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गेटवे ते मांडव्याच्या लाँचेस आजही पावसाळ्यात बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी मोठी रो-रो बोट मात्र हवामान पाहून चालते.

आणि बारमाही फिरणाऱ्या पोलादी मालवाहू जहाजांनाही हा ऋतू पूर्ण चुकवता आलेला नाही. प्रत्येक जहाजाच्या बाजूवर भाराच्या खुणा रंगवलेल्या असतात. जहाज कुठवर पाण्यात बुडू द्यायचे ते या खुणा सांगतात, आणि आंतरराष्ट्रीय करारानुसार ही मर्यादा प्रदेश व ऋतूप्रमाणे बदलते. शांत महिन्यांत कोकणासमोरच्या समुद्रात उष्ण कटिबंधाची वरची खूण चालते. जून, जुलै, ऑगस्टमध्ये खालची पाळावी लागते. दोन्हींतला फरक म्हणजे खालच्या खुणेपर्यंत जहाज जेवढे खोल बुडते त्याचा ४८ वा भाग. बारा मीटर बुडणाऱ्या जहाजाला तो २५ सेंटीमीटर पडतो. ऐकायला वीतभर, पण मोठ्या जहाजात तेवढ्यात हजाराहून अधिक टन माल मावतो. आल्बुकर्कला वाऱ्याने अख्खे अडवले होते. आजच्या कप्तानाकडून तो एवढा माल तेवढा उतरवून घेतो.