डेस्कटॉप की वेब? आडतीवर शिकलेला धडा

लातूरच्या एका आडतदाराला मी वेबवर चालणारं बिलिंग करून दिलं होतं. ऐन सोयाबीनच्या सीझनमध्ये नेट गेलं अन् हिशेबपट्टी निघेना. शेतकरी दोन तास ताटकळले. चूक माझीच.

टॅलीसारखं डेस्कटॉप सॉफ्टवेअर डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवतं, म्हणून नेटशिवायही बिल निघतं. पण हार्डडिस्क उडाली की हिशेब गेला. बॅकअप आपणच घ्यायचा. उलट, २०१७ पासूनचं जीएसटी पोर्टल वेबवर आहे, त्यामुळे नांदेडला बसलेला सीए लातूरच्या दुकानाचं रिटर्न भरू शकतो.

आता मी आधी एकच विचारतो: नेट गेलं तर कोणतं काम थांबून चालणार नाही? ते डेस्कटॉपवर. जे दोन गावांतून बघायचंय, ते वेबवर.