आवळा गोड करावा की तिखट?

कार्तिक लागला की मंडईत आवळ्याचे ढीग दिसू लागतात. तुळशीच्या लग्नात ऊस, बोर आणि चिंचेबरोबर आवळा ठेवला जातो, आवळीभोजनासाठी झाडाखाली पंगती बसतात आणि घरोघरी मोरावळा, लोणचे, सुपारीची तयारी सुरू होते. हे सगळेच पदार्थ ‘क जीवनसत्त्वासाठी चांगले’ म्हणून खाल्ले जातात. पण ताज्या आवळ्यातले हे जीवनसत्त्व पानात किती पोहोचते, हे पदार्थ कसा केला यावर ठरते. शिवाय त्याच्यासोबत साखर आणि मीठ किती पोटात जाते, हा हिशेबही वेगळा मांडावा लागतो.

वीस संत्र्यांची गोष्ट

एका आवळ्यात वीस संत्र्यांइतके क जीवनसत्त्व असते, असे सर्रास सांगितले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम असा आकडा होता. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या तक्त्यात तो सुमारे 250 मिलिग्रॅम आहे. म्हणजे वजनास वजन धरले तर आवळा संत्र्याच्या पाच-सहा पट भरतो. मात्र आवळ्याचा गर जेमतेम 30 ग्रॅम निघतो आणि संत्रे त्याच्या कितीतरी पट मोठे असते. त्यामुळे एक आवळा साधारण एक-दीड संत्र्याच्या बरोबरीचा.

हेही थोडे नाही. प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसे मानले जाते. एका कच्च्या आवळ्यातून साधारण 75 मिलिग्रॅम मिळते. म्हणजे रोज एक आवळा बास.

कुठे निसटते?

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेच्या संपर्काने नष्ट होते. तांब्याचा स्पर्श झाला तर ही क्रिया आणखी वेगाने होते. आवळा मुळात आंबट असल्याने त्यातले जीवनसत्त्व पालेभाजीतल्यापेक्षा जास्त तग धरते, पण टोचे मारलेले आवळे पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर बराचसा वाटा मोरीत जातो. त्यापेक्षा आवळे मोदकपात्रात किंवा चाळणीवर वाफवावेत. आवळ्याचे सार किंवा आवळा घातलेले वरण केले, तर पाण्यात उतरलेले जीवनसत्त्व निदान पानातच राहते. आवळा शेवटच्या पाच मिनिटांत घालावा.

भाकरीबरोबर ठेचा

आवळ्याचा सर्वांत चांगला उपयोग कच्च्या, तिखट पदार्थांत होतो. बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्व त्या लोहाचे रूप बदलून ते विरघळलेल्या अवस्थेत ठेवते आणि आतड्याला ते घेणे सोपे जाते. पण त्यासाठी दोन्ही एकाच जेवणात हवेत. सकाळी आवळ्याचा रस आणि दुपारी भाकरी, असे केल्याने हा फायदा मिळत नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे भाकरीशेजारच्या चमचाभर ठेच्याला महत्त्व आहे. पाच-सहा आवळ्यांच्या फोडी, चार हिरव्या मिरच्या, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, जिरे आणि मीठ खलबत्त्यात भरड कुटावे. फोडणी हवी असेल तर ती गार करून वरून घालावी. हा ठेचा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. खोबरे-कोथिंबिरीच्या चटणीत लिंबाऐवजी आवळा वाटला तरी चालतो.

आवळ्याचा तुरटपणा टॅनिनमुळे असतो आणि टॅनिन लोहाला बांधून ठेवते, हेही खरे. म्हणून आवळा ही जेवणाला जोड आहे. रक्तक्षयासाठी दिलेल्या गोळ्या ठेच्याच्या भरवशावर बंद करू नयेत. जेवणानंतर लगेच चहा घेणेही टाळावे, कारण त्यातही टॅनिन असते.

मोरावळा: औषध की गोड पदार्थ?

मोरावळा वर्षभर टिकतो तो साखरेमुळे. पाकात साखरेचे प्रमाण 65-70 टक्क्यांवर गेले की बुरशी आणि जिवाणूंना वाढायला पाणीच उरत नाही. साखर कमी केली तर मोरावळा फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा लागतो. मोठा चमचाभर, म्हणजे 20 ग्रॅम मोरावळ्यात 13-14 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरातली वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. म्हणजे त्यातली निम्मी इथेच संपते. गुळाचा मोरावळा केला तरी मधुमेहींसाठी फारसा फरक पडत नाही. आवळा कँडीलाही हेच लागू आहे. हे पदार्थ चवीसाठी, गोड पदार्थ म्हणूनच मोजून खावेत.

सुपारी आणि लोणचे

आवळा किसून त्यात आले, जिरे, ओवा आणि सैंधव घालून वाळवला की सुपारी तयार होते. कडक उन्हात वाळवताना जीवनसत्त्व अधिक जाते, म्हणून पातळ कापड झाकून सावलीत, वाऱ्यावर वाळवणे बरे. लोणच्यात प्रश्न मिठाचा असतो. रक्तदाब असणाऱ्यांनी एखाद्या फोडीवर थांबावे.

भांडे कोणते?

आवळा लोखंडी कढईत ठेवला की काळा पडतो. टॅनिन आणि लोहाच्या संयोगाने गडद रंग तयार होतो. केसांना लावायची आवळा पूड लोखंडी कढईत भिजवतात ती याच कारणासाठी. खाण्याच्या पदार्थांसाठी मात्र स्टीलचे पातेले आणि काचेची किंवा चिनी मातीची बरणी वापरावी. तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आवळा अजिबात ठेवू नये.

आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी उपाशीपोटी आवळ्याचा रस घेऊ नये. रस घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, लगेच दात घासू नयेत. आंबटामुळे दातांवरचे आवरण तेवढ्यापुरते मऊ झालेले असते.

हंगाम संपत आला की आवळ्याच्या फोडी बिया काढून हवाबंद डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. मग चैत्र-वैशाखातही पाकाशिवाय, जास्तीच्या मिठाशिवाय, भाकरीशेजारी आवळ्याचा ठेचा वाढता येतो.